जातानाच्या बाजूचा दांडा

१

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. एकोणतीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली. खिडकीशी येणारा माणूस एक पाना मागायला आला की दोन घेऊन जाणार, असं धरूनच मी त्याच्या हातांकडे बघायची. निवृत्त झाले, पण नजर काही निवृत्त झाली नाही. आजही भाजी घेताना भाजीकडे कमी आणि काट्याकडे जास्त बघते.

त्यामुळे ड्रिल मशीन घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराच्या नाकी नऊ आले. तो आधी म्हणाला, "घरी कुणी पुरुषमाणूस असेल तर त्यांना पाठवा ना. त्यांना नीट समजावून सांगतो."

"पुरुषमाणूस आहे. त्यांच्यासाठीच हवंय," मी म्हटलं. "खोका फोडा."

सील बघितलं, वायर बोटांनी चाचपली, मशीन तिथेच चालवून आवाज ऐकला. मोटरच्या पोटात दोन काळ्या वड्या असतात, त्या घासून घासून झिजतात. त्यांना कार्बन म्हणतात. मी बाजूची टोपणं काढायला लावून त्याही बघितल्या. बोटाच्या पेराएवढ्या, कोऱ्या होत्या.

"बाई, अख्खी मशीन नवी आहे," दुकानदार कपाळाला हात लावून म्हणाला. "कार्बन जुने कुठून येतील?"

आमचे हे शाळेत चित्रकला शिकवायचे. हातानं पट्टीसारखी सरळ रेघ काढतील, पण घरात खिळा ठोकायचा तर तो मीच. सहा महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला आणि डावं अंग गेलं. बोलणंही एकदोन शब्दांवर आलं. व्यायाम शिकवायला येणारी डॉक्टरीण म्हणाली, "घरात हाताला धरायला भक्कम काहीतरी द्या. तीन महिन्यांत स्वतःच्या पायांनी बाथरूमपर्यंत जातील." त्या एका वाक्यावर मी जगत होते. सुतार तीनदा "उद्या येतो" म्हणाला, चौथ्यांदा मी वाट बघितली नाही.

२

आमच्या झोपायच्या खोलीतून बाहेर पडलं की आडवा बोळ लागतो. उजवीकडे बाथरूम, डावीकडे बाल्कनी. घर तिसऱ्या मजल्यावर. मी स्टीलचे तीन दांडे आणले, कारण दुकानात ते तिनांच्याच गठ्ठ्यात मिळत होते. कामाचे दोनच होते. यांचा उजवा हात चांगला; म्हणजे बाथरूमला जाताना उजव्या हाताला एक दांडा आणि परत येताना उजव्या हाताला, म्हणजे समोरासमोरच्या भिंतीवर, दुसरा. जायची सोय केली की यायचीही करावी लागते. तिसरा दांडा पलंगाखाली सरकवला.

माझी एक पद्धत आहे. जिथे भोक पाडायचं तिथे पेन्सिलीनं फुली, फुलीभोवती गोल आणि शेजारी बिटचा, म्हणजे मशीनच्या टोकाला लावायच्या सळीचा, नंबर. स्टोअरमधली सवय. हे दांडे सहा नंबरच्या बिटनं बसले. माझा ६ जरा शेपटाळ येतो, शेपूट थेट पुढच्या ओळीत जातं. हे त्यावरून मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून चिडवत आले.

भोकं पाडली, भुकटी झाडली, भोकात प्लॅस्टिकचे प्लग ठोकले, स्क्रू आवळले. मग दांड्याला स्वतः लोंबकळून बघितलं. सिस्टर दारात उभी राहून हसत होती. सिस्टर म्हणजे खरी नर्स नव्हे. सकाळी नऊ ते चार यांचं सगळं करायला येणारी तिशीतली बाई. पण इस्त्रीचा पांढरा ड्रेस घालून यायची, म्हणून सिस्टर.

"काकू, तुम्ही तुटाल, दांडा नाही तुटायचा," ती म्हणाली.

त्या दिवशी हे चालले. उजवा हात दांड्यावर. डावा, लुळा हात माझ्या हातात. मी त्यांच्यापुढे उभी राहून मागे मागे जात होते आणि मोजत होते, "एक… दोन…" तेराव्या पावलाला बाथरूमचं दार आलं. ते माझ्या तोंडाकडे बघून अर्ध्या ओठानं हसले आणि मला रडूच फुटलं. अहो, तेरा पावलं! माणूस चंद्रावर गेल्याचंही मला एवढं कौतुक वाटलं नव्हतं.

३

पंधरा दिवसांनी बोळ झाडताना ती भोकं दिसली.

दोन होती, एकाखाली एक, दांड्याच्या पट्टीला लागतात तशी. खोलीच्या समोरच्या भिंतीवर, पण बाल्कनीच्या बाजूला. उंची पाणसळीनं पडताळली, माझ्या दांड्यांशी सूतभरही फरक नाही. आत प्लग बसवलेले होते. खाली भुकटीचा कण नव्हता आणि शेजारी फुली, गोल, नंबर यातलं काहीच नव्हतं. म्हणजे माझं काम नव्हे. मी बिनखुणेचं भोक पाडत नाही.

प्लगच्या पुडीतले नग मोजले. पन्नासातले आठ वापरले होते, बेचाळीस शिल्लक. एकही कमी नव्हता.

पक्कडीनं एक प्लग उपटला आणि बोटानं भोकाची कड चाचपली. ड्रिल जिथून आत शिरतो ती कड स्वच्छ असते, जिथून बाहेर पडतो तिथे रंगाचा पापुद्रा फुटतो. हे कुणालाही कळतं. माझ्या बाजूची कड फुटलेली होती. भोक पलीकडून पाडलेलं होतं. पलीकडे नळांची उभी पोकळी आहे. तिथे कबुतर बसतं, माणूस उभा राहू शकत नाही. मी स्वतःला समजावलं की जुना रंग आहे, कसाही फुटतो.

मग अर्थातच मी माणसांकडे वळले. घराच्या किल्ल्या तिघांकडे: मी, सिस्टर आणि माझे दीर. भाऊजींना फोन लावला.

"वहिनी, मला ट्यूबलाइट बदलता येत नाही, मी कसली भोकं पाडतोय," ते म्हणाले. "तुम्ही जरा झोपत जा हो."

सिस्टरला विचारलं तर तिनं डोळे मोठे केले. "तुम्हीच तर काल दुपारी मशीन चालवत होता की! मी काकांना भरवत होते. त्या आवाजानं त्यांना ठसका लागला."

"काल दुपारी मी औषधांच्या रांगेत होते."

"मग लवकर आला असाल," ती म्हणाली आणि ताट घेऊन आत गेली. जास्त बोलली नाही. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथे. खरा माणूस वाद घालतो, असा माझा स्टोअरमधला अनुभव.

मी रंगारी वापरतात ती लांबी भरून दोन्ही भोकं बुजवली, वर रंगाचा हात मारला.

४

चार दिवसांनी बाथरूममध्ये साबणाचा कप्पा बसवायला मशीन घेतली. ती दोनदा अडखळली, पोटात निळी ठिणगी उडाली आणि बंद पडली. कोपऱ्यावर मोटर वाइंडिंगवाला आहे, त्याच्याकडे नेली. त्यानं टोपणं काढली, कार्बन तळहातावर घेतले आणि माझ्यापुढे धरले. नखाएवढे उरले होते.

"ताई, मशीन कारखान्यात देता का भाड्यानं?"

"नवी आहे. तीन आठवडे झाले. आजवर आठ भोकं पाडलीत."

तो हसला. "आठशे म्हणा. एवढे कार्बन झिजायला वर्षभर रोज चालवावी लागते."

"दुकानदारानं जुनी गळ्यात मारली असेल."

"तुम्ही तपासली असेल ना घेताना?" त्यानं विचारलं. त्याला काय माहीत की मी कार्बनसुद्धा बघितले होते. कार्बन मागवावे लागतील, आतही साफ करावं लागेल, दोन दिवस राहू दे, असं तो म्हणाला. राहू दे म्हटलं. खरं तर बरं वाटलं. मशीनच घरात नसेल तर भोकं कोण पाडतंय, बघूच.

परत येताना जिन्यात दम खायला थांबले आणि एक गोष्ट आठवली. ती आता इथे सांगूनच टाकते, नाहीतर पुढचं सांगण्यात अर्थ नाही. झटक्यानंतरचा चौथा महिना होता. एका दिवसात तिसऱ्यांदा चादर बदलली होती. धुतलेली चादर घेऊन मी बाल्कनीत उभी होते, हात पिळून पिळून सुजलेले. तेव्हा मनात आलं की हे सुटले तर बरं. मग लगेच कळलं की हेही खरं नाही. मी सुटले तर बरं, असं ते होतं. घटकाभर कठड्यावरून खाली बघत उभी राहिले आणि मग चादर वाळत घातली. त्यानंतर मी यांची दुप्पट सेवा केली, देवाशप्पथ. पण आलं होतं मनात.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर यांची मान पुसत होती आणि मी ओट्यापाशी होते. बोळातून ड्रिलचा आवाज आला.

लांबून येतो तसा, दबका. थोडा वेळ घरघर, मग थांबणं, मग परत. शेजारी कुणी काम काढलं असेल, असं वाटून मी वरच्या आणि खालच्या घरी जाऊन आले. दोन्हीकडे कुलूप. परत आले तेव्हा आवाज थांबला होता. भिंतीला हात लावला तर एके जागी ऊब लागली. तापलेल्या मोटरचा वास येत होता, स्टोअरमध्ये यायचा तसा.

माझी लांबी उकलून पडली होती आणि आधीची दोन्ही भोकं मोकळी होती. शिवाय आणखी दोन, पुढे, बाल्कनीच्या दाराला लागून. पहिल्या जोडीपासून दुसऱ्या जोडीपर्यंतचं अंतर मी टेपनं मोजलं आणि मग पलंगाखालचा तिसरा दांडा काढून मोजला. बरोबर तेवढंच.

या खेपेला खूण होती. फुली, गोल आणि नंबर. नंबर आधी ओळखू येईना. मग छोटा आरसा धरून बघितला. शेपटाळ सहा होता, उलटा. कागदाच्या मागून दिसतो तसा.

मी समोरासमोरच्या दोन्ही भिंती बघितल्या. बाल्कनीकडे जाताना उजव्या हाताला चार भोकं. येतानाच्या बाजूला एकही नाही.

पण मी पडले स्टोअरकीपर. घरात काही घडतंय ना, मग किल्ली कुणाकडे आहे ते बघा! सिस्टर मशीनचा आवाज ऐकल्याचं सांगते, ती घरात असतानाच हे होतं, आणि माझं अक्षर रोज बघते ती औषधांच्या यादीत. कुणीतरी मला वेडी ठरवतंय. मी तिच्याकडून किल्ली मागून घेतली आणि उद्यापासून येऊ नकोस म्हटलं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "काकू, मी काय केलं ते तरी सांगा."

"तेच तू मला सांग."

ती चपला घालताना थांबली. "आवाज तर तुम्हीही आज ऐकलात ना? आणि त्या दिवशी दुपारी नुसती मशीन नव्हती. तुम्ही मोजतपण होतात. एक, दोन. काका तिकडे मान वळवून हसले, म्हणून मी काही बोलले नाही." मग ती गेली. भाऊजींकडची किल्लीही मी संध्याकाळी जाऊन आणली. तिसरा दांडा माळ्यावर टाकून माळ्याला कुलूप लावलं, बाल्कनीलाही लावलं आणि सगळ्या किल्ल्या कमरेला खोचल्या. घरात आता आम्ही दोघंच. कुणाचा हात लागायचा प्रश्नच नव्हता.

काय शहाणपण केलं ते मला आज कळतं. यांच्यावर लक्ष ठेवणारा एकुलता एक माणूस मी स्वतःच्या हातानं दाराबाहेर काढला.

६

दुसऱ्या दिवशी वाइंडिंगवाल्याचा फोन आला, मशीन तयार आहे. ऊन कलायला लागलं होतं. हे नुकतेच झोपले होते. अर्धा तासही लागणार नव्हता. बाहेरून कुलूप घालून गेले.

"परवापासून ही कुणी चालवली?" मी त्याला विचारलं.

"कोण चालवणार? खोलून तुकडे ठेवले होते या ट्रेमध्ये," तो म्हणाला. "आत्ता जोडली आणि तुम्हाला फोन केला." त्यानं कापडी पिशवीत घालून दिली. मी जवळजवळ पळतच आले. का, ते सांगता येत नाही.

दाराला किल्ली लावली आणि आतून आवाज ऐकला.

"पाच… सहा…"

तो माझा आवाज होता. स्वतःचा आवाज माणसाला नीट माहीत नसतो म्हणतात, पण मी रोज तेच मोजते, त्याच चालीवर. सहानंतर जरा श्वास घेते. तिथेही श्वास घेतला.

दार ढकललं. बोळात उजेड होता, कारण बाल्कनीचं दार सताड उघडं होतं. किल्ली माझ्या कमरेला टोचत होती. भिंतीवर तिसरा दांडा होता, सरळ, घट्ट, चारही स्क्रू बसवलेला. आणि हे चालत होते. सहा महिन्यांत कधी चालले नव्हते इतके ताठ. उजवा हात दांड्यावर. डावा हात पुढे उचललेला, हवेत, आणि त्याची बोटं मिटलेली. ती बोटं आपल्या आपण मिटत नाहीत. मी धरते तेव्हाच मिटतात, माझ्या मुठीभोवती. ते जरा खाली बघत होते, माझं तोंड असतं तेवढ्या उंचीवर. आणि पूर्ण ओठांनी हसत होते.

"सात…" तो आवाज म्हणाला. उंबरा तीन पावलांवर होता, त्यापुढे कठडा.

"अहो!" मी किंचाळले.

मोजणं थांबलं. हे मागे वळले. माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडावरचं हसू उतरलं. मग परत समोर वळून, त्या रिकाम्या जागेला, सहा महिन्यांतल्या सगळ्यात स्वच्छ आवाजात त्यांनी विचारलं, "ही कोण?"

पिशवी टाकून मी धावले आणि त्यांना कमरेपासून मागे ओढलं. आम्ही दोघंही जमिनीवर पडलो. ते माझ्या मिठीतून सुटायला धडपडत होते आणि डावा हात अजून उघड्या दाराकडे लांबवत होते. दारापाशी काही नव्हतं. नव्हतं म्हणजे, मी नीट बघितलंच नाही. यांच्या छातीत तोंड खुपसून मी डोळे मिटून घेतले होते.

७

सिस्टरच्या घरी जाऊन मी तिचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. ती परत यायला लागली आहे. भली बाई, एका शब्दानं बोलली नाही. तिसरा दांडा मी हातातल्या साध्या पेचकसानं काढला, मशीनला हात लावला नाही. भाऊजींनी बाल्कनीला बाहेरून लोखंडी जाळी बसवून घेतली आणि बसवणाऱ्यानं आपली मशीन आणली, तेव्हा मी यांचा हात धरून खोलीत बसून राहिले. भोकं आहेत तशीच आहेत. बुजवून उपयोग नाही, हे मला कळलं आहे.

घरातला कुणी यात नव्हता. ना सिस्टर, ना भाऊजी, ना तो दुकानदार. यादीतली नावं एकेक करून खोडली आणि शेवटी एकच उरलं, ते मला खोडता येत नाही.

पण माझं दुखणं ते नाही. माझं दुखणं हे आहे की हे आता माझ्याबरोबर चालत नाहीत. सिस्टरचा हात धरतात, दांडा धरतात, दोनदा तिच्याबरोबर बाथरूमपर्यंत गेलेही. मी पुढे झाले की डावा हात छातीशी ओढून घेतात. लुळा हात, पण माझ्यापासून ओढून घेण्याइतकं बळ त्यात आलं आहे. डॉक्टरीण म्हणाली, सुधारणा आहे.

काल दुपारी सिस्टर आंघोळीचं पाणी काढत होती. मी पलंगापाशी उभी राहिले, हात पुढे केला आणि म्हटलं, "चला, मी मोजते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आधी माझ्या हातांकडे, मग तोंडाकडे. ती नजर मला ओळखीची होती, एकोणतीस वर्षं खिडकीमागून मीच लोकांकडे तशी बघत आले होते. बराच वेळ बघितल्यावर त्यांनी शब्द जुळवून जुळवून विचारलं, "तू… दोघींतली… कोणती?"

भिंतीपलीकडे कबुतर फडफडलं आणि गप्प झालं. मी तोंड उघडलं. मला त्या दिवशीची बाल्कनी आठवली, हातातली ओली चादर आठवली, आणि खरं सांगते, मला पटकन उत्तर देता आलं नाही.